आरसा तेव्हाही होताच की! (पौगंडावस्थेतले केस आणि कपडे)

कुरळीबाई

जुन्या फोटोंवर आजवर बरंच लिहून झालंय, पण ते सगळं हळवं. हा धागा हळवा नाही. तेरा ते एकोणीस या वयात आपण डोक्यावर आणि अंगावर जे काही वागवलं त्याचा इथे जाहीर पंचनामा करायचाय. नियम सोपे आहेत. स्वतःचं सांगायचं, भावाबहिणीचं नाही (ते सांगायला सगळेच पुढे असतात). "आईने धरून कापले" हे बाद. स्वतः हट्ट करून, स्वतः आरशात बघून, "वा!" म्हणून घराबाहेर पडलेलं प्रकरण हवं.

माझ्यापासून सुरुवात. साल 1992 आणि प्रकरण पर्मचं. माझे केस चांगले सरळ होते, विंचरले की बसायचे. पण वर्गातल्या ज्या मुलीसारखं मला व्हायचं होतं तिचे कुरळे होते, विषय संपला. पार्लरवालीने एकेक बट पेनाएवढ्या रॉडवर इतकी ताणून गुंडाळली की माझ्या भुवया वर गेल्या. अख्खा वेळ मी कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी बसले होते. कपाळाभोवती कापसाची पट्टी, तिच्यातून झिरपून कानामागे ओघळणारं गार औषध, आणि तो वास! नाकात गेला की डोळ्यांतून बाहेर. घरी आल्यावर बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पेपर वाचायला लागले. एक शब्द नाही.

खरी शिक्षा पुढेच होती. केस वाढत राहिले. कानापर्यंत सपाट सरळ, कानाखाली गुंताच गुंता. कुरळा भाग कापायचा तर बॉयकट करावा लागला असता, ते धैर्य नव्हतं. म्हणून ते दोमजली प्रकरण तसंच वागवलं. शाळेच्या ओळखपत्रावर नेमका हाच काळ छापला गेलाय.

या आता.

झिपऱ्या

ह. ह. पु. वा. (हसून हसून पुरेवाट)! बाबांचा चष्मा!!

माझा आयडी बघून कळलंच असेल. 2003 साली 'तेरे नाम' आला आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी न्हाव्याकडे जाणं बंद केलं. मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी गालांवर केस. त्या सिनेमात नायकाची शेवटी काय अवस्था होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी केस तेच हवे!

अडचण अशी की सलमानचे केस खाली पडायचे आणि माझे बाहेर जायचे. राठ केस ते, त्यांना कोण सांगणार. दोन्ही कानांवर दोन पत्र्याची छपरं. ओले असेपर्यंत जरा बरे दिसायचे, म्हणून दर सुट्टीत नळाखाली डोकं. पाठीवरून पाणी ओघळतंय, शर्टाची कॉलर भिजून गार, आणि आपण मान किंचित तिरकी करून व्हरांड्यात उभे. वाळले की छपरं हजर.

गणिताच्या सरांनी एकदा विचारलं, "फळा दिसतो का रे?" म्हटलं, हो सर. "मग वाच काय लिहिलंय." मी बराच वेळ डोळे बारीक करून म्हणालो, अक्षर नीट लागत नाहीये सर. फळा कोरा होता.

शंखपुष्पी

अगागागा! फळा कोरा होता _/\_

माझं लिहिते जरा वेळाने, मोठं आहे.

बेलबॉटम

तुम्ही सगळी कालची पोरं. आमच्या वेळी, म्हणजे साधारण 1974-75 ला, कान दिसले की माणूस जुनाट. कल्ले जबड्यापर्यंत, कॉलरची टोकं खांद्याला टेकायला निघालेली, आणि खाली ती सुप्रसिद्ध विजार. मूळची ती खलाशांची. डेक धुताना झटकन गुडघ्यापर्यंत गुंडाळता यावी म्हणून खाली रुंद. आम्ही डेक सोडून बाकी सगळी जमीन झाडली.

सायकल हा आमचा खरा शत्रू. घेर साखळीत गेला की काळं वंगण आणि दातांची नक्षी कायमची. म्हणून उजवा पाय मोज्यात खोचायचा. डावा पाय मोकळा, वाऱ्यावर फडफडतोय, आणि उजव्या पायाला पोटरीवर गोळा झालेली ती कापडाची गाठोडी. अशा अवस्थेत, जिला दाखवण्यासाठी विजार शिवली ती नेमकी समोरून येणार.

पण कुरळीबाई, एक सांगतो. तुमच्या धाग्यात मी बसत नाही, कारण मला लाज वगैरे काही वाटत नाही. आजही कंबर परवानगी देईल तर घालीन.

कुरळीबाई

बेलबॉटमकाका, दंडवत. तुम्हाला धाग्यातून सूट.

रसायनवाला

पर्मच्या त्या दोमजली प्रकाराबद्दल. केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांबलांब साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या असतात (डायसल्फाइड बंध). पर्मच्या औषधातलं अमोनियम थायोग्लायकोलेट यातले बरेच पूल तोडतं. मऊ झालेला केस रॉडचा आकार घेतो, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पूल नव्या जागी पुन्हा बांधले जातात. कानामागे ओघळलं ते पहिलं औषध, वासही त्याचाच. गंधक आणि अमोनिया एकत्र आल्यावर दुसरं काय होणार.

हे सगळं झालं आधीच बाहेर आलेल्या केसाला. मुळाशी जो नवा केस तयार होतो त्याच्यापर्यंत ही बातमी पोचतच नाही. केस महिन्याला सुमारे 1 सेंमी वाढतो, म्हणजे खांद्यापर्यंतचा पर्म पुरता कापून जायला दोन-अडीच वर्षं धरा. थोडक्यात, तुमची शिक्षा नियमानुसारच होती.

आणि तुम्हाला रॉडचं कौतुक? कार्ल नेस्लर या जर्मन केशरचनाकाराने 1906 च्या सुमारास लंडनमध्ये लोकांना पर्म करून दाखवला तेव्हा पितळी रोलर तापवून ते वरून टांगलेले असत आणि बाईने तासन् तास त्यांच्याखाली हलायचं नाही. त्याआधीचे प्रयोग त्याने स्वतःच्या बायकोवर केले होते. पहिल्या खेपांना तिचे केस जळाले. तरी तिने पुन्हा बसू दिलं, हे मला रसायनशास्त्रातलं सगळ्यात न सुटलेलं कोडं वाटतं.

सरळसोट

कुरळीबाईंना कुरळे हवे होते, मला सरळ. जगात कुणाला आहे ते पुरतच नाही.

केस सरळ करायचं यंत्र घरी नव्हतं. कपड्यांची इस्त्री होती. टेबलावर डोकं आडवं, केस पसरलेले, वर सुती ओढणी, आणि मैत्रिणीच्या हातात इस्त्री. (साठच्या दशकातल्या मुलीही हेच करायच्या असं नंतर वाचलं, तेव्हा बरं वाटलं. वेडेपणाला परंपरा आहे.) मैत्रीण फार काळजी घेणारी, कानाजवळ आली की श्वास रोखून धरायची. मीही धरायचे. एकदा केस पुरते वाळलेले नव्हते. चर्रर्र असा आवाज आला, वाफ आली आणि आम्ही दोघी खूष झालो, की बघ, काम होतंय!

रसायनवाला

ते काम नव्हतं ओ ताई. ओल्या केसात अडकलेल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः पोकळ्या दिसतात. तिथूनच तो तुटतो. वैद्यकात यासाठी बबल हेअर असं चक्क नाव आहे.

सरळसोट

आत्ता कळलं टोकं हातात का यायची ते. धन्यवाद, पंचवीस वर्षं उशिरा.

शंखपुष्पी

हं, आता माझं. केसांचं सगळे लिहितील, मी भुवयांचं लिहिते.

नव्वदीच्या शेवटाला मासिकाच्या प्रत्येक मुखपृष्ठावर पेन्सिलीच्या रेघेएवढी भुवई. माझ्या भुवया जाड, बाबांवर गेलेल्या. पार्लरला जायची परवानगी नव्हती, पण घरात चिमटा होता. दुपारी सगळे झोपलेले असताना खिडकीशी आरसा घेऊन बसले. डावीकडचे चार केस काढले. छान. मग उजवी जाड वाटायला लागली, तिचे काढले. मग डावी. मग उजवी. या खेळात मध्ये कुठेही "आता सारख्या झाल्या" असा क्षण येतच नाही हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. संध्याकाळी आई उठली तेव्हा माझ्या डोळ्यांवर स्वल्पविराम होते, तेही वेगवेगळ्या दिशांना बघणारे.

भुवया परत येतात असं सगळे म्हणतात. येतात, पण डोक्यावरच्या केसांसारखं नाही. भुवईच्या केसाचा वाढीचा काळच मुळात छोटा, महिन्यांचा. म्हणून तर ती लांब होत नाही. आणि एकच मूळ वर्षानुवर्षं ओरबाडलं की ते कधीतरी संप पुकारतं. माझ्या उजव्या भुवईच्या शेपटाने पुकारला, तो आजतागायत. रोज सकाळी पेन्सिलीने काढते. म्हणजे गंमत बघा, तेव्हा रेघ हवी म्हणून केस उपटले आणि आता केस दिसावेत म्हणून रेघ ओढते.

1930 च्या आसपास हॉलिवूडच्या नट्या मार्लिन डीट्रिश आणि जीन हार्लो यांच्या भुवया अशाच कोरलेल्या असायच्या. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच सगळ्यांना पुरेसा इशारा मिळालेला होता, आम्ही वाचला नाही.

झिपऱ्या

स्वल्पविराम!!! कार्यालयात मोठ्याने हसलो, आता कारण विचारताहेत.

टोपीखाली

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण हा धागा आपलाच.

2002 चा उन्हाळा. फुटबॉलचा विश्वचषक. ब्राझीलच्या रोनाल्डोने उपांत्य सामन्याआधी डोकं भादरून फक्त कपाळावर एक अर्धवर्तुळ ठेवलं. त्याचं म्हणणं असं की सगळे त्याच्या दुखापतीबद्दलच बोलत होते, त्यांना बोलायला दुसरं काहीतरी दिलं. पठ्ठ्याने उपांत्य सामन्यात एकमेव गोल केला आणि अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध दोन्ही. पुढे त्याने जगभरच्या आयांची माफीही मागितली, कारण पोरं तेच कापून घरी यायला लागली.

त्या पोरांतला एक मी. फरक एवढाच की मी एकही गोल केला नाही.

आईने उरलेलं अर्धवर्तुळही काढायला लावलं. मग टकलावर केस बोटभर वाढल्यावर मला सुचलं की आता फक्त शेंडे सोनेरी करावेत. बॉयबँडची टोकं रंगवलेली मुलं तेव्हा सगळीकडे होती. मित्राच्या घरी, मित्राच्या बहिणीचं ब्लीच, तेही चेहऱ्यावर लावायचं. खोक्यावर वेळ लिहिली होती, आम्ही घाबरून त्याआधीच धुतलं. आरशात बघतो तर सोनेरी नाही, नारिंगी. रस्ता बंद असल्याची पाटी असते ना, त्या जातीचा. मित्र म्हणाला, उन्हात वेगळा दिसेल. उन्हात जास्त दिसला.

पुढे पोहायला लागलो तर नारिंगीवर हिरवट झाक आली. त्यानंतर टोपी. आयडी तिथून.

रसायनवाला

पुन्हा मीच, माफ करा, पण हे सोडवत नाही.

काळ्या केसात दोन जातींचं रंगद्रव्य असतं. गडद तपकिरी-काळं यूमेलानिन आणि लालसर-पिवळं फिओमेलानिन. ब्लीच केल्यावर गडद रंग आधी जातो, लालसर-पिवळा मागे रेंगाळतो. त्यामुळे काळा केस सोनेरी होण्याआधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा या स्थानकांवरून जातोच. तुम्ही मधल्या स्थानकावर उतरलात. जाणकार तिथे निळसर टोनर लावतात, कारण नारिंगीला निळा खोडतो. पिवळ्याला जांभळा.

हिरव्याचं खापर सगळे क्लोरीनवर फोडतात. क्लोरीनचा रंग लागत नाही. तलावाच्या पाण्यात तांबं असतं, शेवाळ मारायच्या औषधातून किंवा नळ्यांमधून आलेलं, ते ब्लीचने सच्छिद्र झालेल्या केसात जाऊन बसतं. पाण्यात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने केस चिंब करून कंडिशनर लावला तर बराच बचाव होतो, कारण केसात आधीच पाणी भरलेलं असतं.

टोपीखाली

हे ज्ञान 2002 साली हवं होतं साहेब. आता डोक्यावर ब्लीच करायला काही उरलेलं नाही.

पोरसवदा

मी इथे सगळ्यांत लहान असेन. तुमचं सगळं वाचून मजा वाटली, राग मानू नका, पण तुमच्याकडे फोटो किती? चार? पाच? आणि ते कपाटात. 2013-14 ची माझी सगळी फॅशन इंटरनेटवर तारखेसह जमा आहे. गळ्याला घट्ट काळा प्लास्टिकचा चोकर, आकाशगंगा छापलेली लेगिंग, आणि मिशा. होय, मिशा. अंगठीवर मिशी, टीशर्टवर मिशी, फोनच्या कव्हरवर मिशी. कुणी आज मला विचारलं की मिशीच का, तर माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हाही नव्हतं. डाव्या डोळ्यावर तिरका फ्रिंज होता तो वेगळाच, त्याच्यामुळे अर्धी शाळा मी एका डोळ्याने केली.

दरवर्षी फोन स्वतःहून आठवण करून देतो, "नऊ वर्षांपूर्वी आजच्या दिवशी". कुणी विचारलं होतं?

झिपऱ्या

एका डोळ्याने का होईना, फळा दिसत होता ना? मग नशीबवान.

चौकस

धागा वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. जेम्स लेव्हर नावाचे ब्रिटिश वेशभूषा-इतिहासकार होते. त्यांनी 1937 साली एक वेळापत्रक मांडलं. एखादा पोशाख त्याच्या काळाच्या 10 वर्षं आधी घातला तर असभ्य, 5 वर्षं आधी निर्लज्ज, 1 वर्ष आधी धाडसी, चालू काळात रुबाबदार. 1 वर्षाने गबाळा. 10 वर्षांनी हिडीस, 20 वर्षांनी हास्यास्पद, 30 वर्षांनी गमतीदार, 50 वर्षांनी आगळा, 70 वर्षांनी मोहक, 100 वर्षांनी रम्य आणि 150 वर्षांनी सुंदर.

आता हे या धाग्याला लावून बघा. पोरसवदा यांच्या मिशा दहा वर्षांच्या टप्प्यावर, म्हणून त्यांना अजून बघवत नाहीत. झिपऱ्या आणि टोपीखाली विशीच्या टप्प्यावर, म्हणून आपण पोट धरून हसतोय. कुरळीबाई तिशीला, त्यांचं ऐकताना हसू येतं पण जरा प्रेमाने. आणि बेलबॉटमकाका पन्नाशीला पोचले, त्यांना लाज वाटायचं वयच निघून गेलं. विजारीचं वय म्हणतोय.

बेलबॉटम

आणखी वीस वर्षं थांबा, मोहक होतोय.

शंखपुष्पी

चौकस, वेळापत्रक भारी आहे पण एक शंका. वीस वर्षांनी हास्यास्पद म्हणे, आणि कमरेखाली घसरणाऱ्या जीन्स नेमक्या वीस वर्षांनीच परत आल्या. ज्या जीन्समध्ये वाकणं हे एक नियोजन करून करायचं काम होतं, त्या! माझी भाची परवा घालून आली तेव्हा मला आधी तिच्या मूत्रपिंडांची काळजी वाटली आणि मग लक्षात आलं, हे वाक्य माझ्या आईचं आहे.

चौकस

परत आणणारे ते नव्हेतच ना ज्यांनी पहिल्यांदा घातल्या. तुम्ही घालणार का पुन्हा? नाही. भाचीने तेव्हाची लाज भोगलेली नाही, तिला फक्त फोटो दिसले, आणि फोटोत कुणी वाकत नाही. मला वाटतं लेव्हरचं कोष्टक ज्याने घातलं त्याच्यासाठी आहे. नव्या माणसाचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं.

सरळसोट

हे पटलं. 2001 च्या अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सला ब्रिटनी स्पिअर्स आणि जस्टिन टिम्बरलेक नखशिखांत डेनिममध्ये आले होते, तिचा गाऊन डेनिमचा, त्याची टोपीसुद्धा डेनिमची. कित्येक वर्षं ते वाईट कपड्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. आता पोरं पार्ट्यांना मुद्दाम तसं नटून जातात.

(आम्ही त्याच काळात फ्रॉकच्या खाली जीन्स घालायचो. फ्रॉक पुरेसा लांब असताना. का, ते विचारू नका.)

चौकस

अजून एक. आपण इतके लाजतो ते कितपत खरं आहे? कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालायला लावला, जो त्या वयाच्या मुलांना घालायची लाज वाटेल असा, आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? ते म्हणाले, साधारण निम्म्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव. म्हणजे आपण समजतो त्याच्या निम्मंच लोक बघतात.

डेव्हिड एल्काइंड यांनी तर 1967 मध्येच म्हटलंय की पौगंडावस्थेत मूल एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर जगत असतं. सगळे माझ्याकडेच बघताहेत, ही भावना.

झिपऱ्या

चौकसभाऊ, काल्पनिक? मला आजही शाळेच्या ग्रुपवर "छप्पर" म्हणतात. माणसं चाळिशीला आली, टकलं पडली, छप्पर माझंच.

शंखपुष्पी

मीही झिपऱ्याच्या बाजूने. त्या खोलीतली मुलं टीशर्टवाल्याला क्षणभर बघणार आणि तो निघून जाणार. शाळेत तेच चाळीस चेहरे रोज, वर्षानुवर्षं. प्रयोगाच्या खोलीत बाकावर मागे बसून भुवया मोजणारी मुलगी नसते. आमच्याकडे होती.

पोरसवदा

मला दोन्ही खरं वाटतं. लोकांनी पाहिलं असेल, पण ते माझ्याइतका वेळ बघत बसले नाहीत. माझ्या त्या फ्रिंजबद्दल मी मागे एका मैत्रिणीला विचारलं. तिला फ्रिंज आठवतच नव्हता. म्हणाली, "तुला तेव्हा पिंपल्स होते ना?" म्हणजे ज्याच्यासाठी फ्रिंज वाढवला ते बरोबर आठवलं, आणि फ्रिंज गेला वाऱ्यावर.

कुरळीबाई

पोरसवदा, हा या धाग्याचा आतापर्यंतचा सगळ्यात क्रूर प्रतिसाद आहे.

मला वाटतं लाज कशाची वाटते तर केसांची नाहीच. पर्म वाईट झाला, ठीक, होतात. पण फोटोतला तो चेहरा बघवत नाही. इतका आत्मविश्वास! हनुवटी वर, एक खांदा पुढे. मला खरंच वाटत होतं की आता सगळं बदलणार. ती मुलगी माझ्याकडे बघते आणि मला तिला काही सांगता येत नाही.

आगंतुक

विषयाला धरूनच आहे पण थोडं वेगळं, सल्ला हवाय. लेक चौदाची. वुल्फ कट (वर आखूड, खाली लांब असे विस्कटलेले थर) करायचाय आणि पुढच्या दोन बटा ब्लीच करून पांढऱ्या. हे सगळं घरी, व्हिडिओ बघून. "नाही" म्हटलं की तीन दिवस अबोला. तुम्ही सगळे इतकं हसताय म्हणून विचारते, तुमच्या आईबाबांनी अडवलं असतं तर आज बरं वाटलं असतं का?

सरळसोट

कट करू द्या. केस येतात. फक्त एक सांगा तिला, ओल्या केसांना कात्री लावायची नाही. ओला केस ताणला जातो, भुवईपर्यंत कापलेला फ्रिंज वाळला की कपाळाच्या मध्यावर जातो. व्हिडिओत कापणाऱ्या मुलीचे केस वेगळे असतात, आणि तिने आधी सात वेळा बिघडवलेले व्हिडिओ टाकलेले नसतात.

बेलबॉटम

अडवू नका. माझ्या वडिलांनी अडवलं होतं, मी शिंप्याला परस्पर सांगून घेर दोन बोटं वाढवून घेतला.

रसायनवाला

कटबद्दल सहमत, ब्लीचबद्दल थोडं गंभीरपणे. युरोपात केसांच्या कायमच्या रंगांच्या खोक्यावर "16 वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही" असा इशारा छापावा लागतो, तो उगाच नाही. गडद रंगांत पीपीडी नावाचा घटक असतो, त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. सुट्टीत काढतात त्या काळ्या तात्पुरत्या टॅटूंमध्येही तो सापडतो. नुसत्या ब्लीचमध्ये पीपीडी नसतं, पण टाळू भाजू शकते. तिला पांढरं हवंय, आणि काळ्या केसाला पांढरं होईपर्यंत सगळी स्थानकं पार करावी लागतात. एका बैठकीत ते केलं तर बट हातात येईल.

तेव्हा घरी नको, जाणत्या माणसाकडे करा. नाहीच ऐकली तर आधी मानेजवळची, वरच्या केसांखाली झाकली जाणारी एक बारीक बट घेऊन तिच्यावर करून बघा. टाळूला लागू द्यायचं नाही. पुढे रंग लावणार असाल तर 48 तास आधी थोडासा कोपराच्या आत लावून पाहायचा.

शंखपुष्पी

आणि चिमटा लपवून ठेवा.

टोपीखाली

आगंतुकताई, माझ्या आईने अर्धवर्तुळ काढायला लावलं याबद्दल मी आज तिचा आभारी आहे. ब्लीचच्या वेळी ती गावाला गेली होती याबद्दल नाही.

आगंतुक

सगळ्यांचे आभार. हा अख्खा धागा तिला वाचायला दिला. कोरा फळा आणि स्वल्पविराम या दोन ठिकाणी ती इतकी हसली की अबोला आपोआप सुटला. मग म्हणाली, "पण यांना जमलं नाही म्हणून मला जमणार नाही असं थोडंच आहे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तडजोड झाली. कट पार्लरमध्ये, ब्लीच सध्या फक्त मानेजवळच्या त्या एका बटेवर, तिथेच, माझ्यासमोर.

आगंतुक

बट केली. नारिंगी आली. रसायनवाला, तुमचं मधलं स्थानक. मी टोनरचं बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात ती आरशाकडे पाठ करून, मान वळवून म्हणाली, "आई, हाच रंग भारी आहे, पुढेही हाच करू."

टोपीखाली

पोरीला माझा नमस्कार सांगा. टोपी हवी असेल तर आहे.